चुलीवरचा धंदा कुणी नेला?

आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओ बंद करतील, म्हणून आधीच सांगून टाकते. आज मी बिअरबद्दल बोलणार आहे. होय, दारूबद्दलच. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून दारोदार फिरून सह्या गोळा केल्यात, आडव्या बाटलीला मत दिलंय. ते काम योग्यच आहे. आजच्या बोलण्यानं त्यात काही उणं येणार नाही. प्या असं मी कुणाला सांगत नाही, आणि ती कशी गाळायची हेही शिकवत नाही.

मला सांगायची आहे ती एका धंद्याची गोष्ट. सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हा धंदा बायकांचा होता. तो घरातल्या चुलीवर चालायचा. पुढे तो वाढला, त्यात मोठा पैसा आला, आणि पैसा आला तशा बायका त्यातून बाहेर गेल्या. हे एका दिवसात झालं नाही आणि एका कायद्यानंही झालं नाही. कसं झालं, ते पापड, मसाला, शेवया करणाऱ्या प्रत्येक गटानं ऐकण्यासारखं आहे. आणि गोष्टीच्या शेवटी एका बंद पडलेल्या जागेला गावानं आपलं भागभांडवल घालून कसं परत उघडलं, तेही सांगणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. इंग्रजीत बिअर करणाऱ्या पुरुषाला ब्रूअर म्हणतात. करणाऱ्या बाईसाठी जुना शब्द होता ब्रूस्टर. शेवटचं ते ‘स्टर’ बाईचं काम दाखवायचं. सूत कातणारी ती स्पिन्स्टर. पुढे स्पिन्स्टर म्हणजे बिनलग्नाची बाई असा अर्थ झाला आणि ब्रूस्टर हे नुसतं आडनाव उरलं. दारूविक्रीचे परवाने देण्यासाठी इंग्लंडातल्या न्यायाधीशांची वर्षातून एकदा जी बैठक भरायची, तिला अगदी अलीकडेपर्यंत ‘ब्रूस्टर सेशन्स’ म्हणत. बैठकीत ब्रूस्टर कुणी उरली नव्हती, नाव तेवढं टिकलं होतं.

तर ही ब्रूस्टर काय करायची? त्या काळी इंग्लंडात जे पेय होतं त्याला एल म्हणत. जव भिजवायचे, मोड आणायचे, मग वाळवायचे किंवा हलके भाजायचे. आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आणून वाळवतो, तसंच. याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात मुरवायचं, गाळायचं, आणि त्या गोडसर पाण्यात यीस्ट घालून आंबवायचं. रोजची एल बरीच सौम्य असे. थंडीच्या मुलखात भाकरी, खीर यांसारखी ती जेवणाचाच भाग होती. घरातले लहानथोर सगळे ती घेत.

पण एलची एक मोठी अडचण होती. ती टिकत नसे. चार-सहा दिवसांत आंबट व्हायची. लांब न्यायची सोय नव्हती. शिवाय एकदा करायची म्हणजे जव भिजवण्यापासून आठवडा जायचा, लाकूड लागायचं, मोठी भांडी लागायची. प्रत्येक घराला दर चार दिवसांनी हे जमणं शक्य नव्हतं. मग बायकांनी आपोआप एक रीत बसवली. या आठवड्यात एकीनं करायची, घरापुरती ठेवून उरलेली विकायची. पुढच्या आठवड्यात दुसरीनं. ज्या घरी ताजी एल तयार आहे, त्या घरी दाराबाहेर लांब काठी बांधून तिच्या टोकाला झुडपाची डहाळी लावायची. डहाळी दिसली की शेजारीपाजारी भांडं घेऊन यायचे, कुणी तिथंच बाकावर बसून प्यायचं, गप्पा मारायचं. आजच्या इंग्लंडातल्या पबचं मूळ हे असं एका बाईच्या स्वयंपाकघरात आहे.

हे किती बायका करत? जुडिथ बेनेट नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईंनी याचा शोध घेतला आणि १९९६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या ब्रिगस्टॉक या एका गावाच्या जुन्या दप्तरात, १३४८-४९ च्या प्लेगच्या आधीच्या काळात, एल विकणाऱ्या तीनशेहून जास्त बायकांचा पत्ता त्यांना लागला. म्हणजे गावातल्या अंदाजे दर तीन बायकांमागे एक.

आता ही नावं दप्तरात आली कशी? दंडामुळे. तेराव्या शतकात इंग्लंडात एक कायदा झाला. धान्याचा भाव काय आहे त्यावर एलचा भाव ठरायचा. गावात एल चाखणारा माणूस नेमलेला असे. नवी एल तयार झाली की त्याला बोलवायचं, त्यानं चव बघायची, माप तपासायचं. गावच्या न्यायसभेत एल विकणाऱ्यांची यादी वाचली जायची आणि प्रत्येकीकडून थोडाथोडा दंड घेतला जायचा. चूक असो नसो. नाव दंडाचं, काम परवाना-फीचं. त्या यादीमुळे आज आपल्याला या बायका सापडतात. पण तीत एक मेख आहे. कित्येक ठिकाणी एल केली बायकोनं आणि दप्तरात नाव लागलं नवऱ्याचं. काम एकीचं, नाव दुसऱ्याचं. हे आपल्याला काही नवीन नाही.

या धंद्यातून त्या श्रीमंत झाल्या का? नाही. कमाई थोडी होती. पण या कामाला नवीन यंत्र लागत नव्हतं, शिकायला कुठं जावं लागत नव्हतं, मूल सांभाळून करता येत होतं. अडीनडीला, नवरा आजारी पडला तर, विधवा झाली तर, हातात चार पैसे येत होते. जोवर धंदा असा लहान, बिनभांडवली आणि बिनप्रतिष्ठेचा होता, तोवर तो बायकांकडे ठेवायला कुणाची हरकत नव्हती.

मग काय बदललं? तीन गोष्टी बदलल्या.

पहिली म्हणजे मागणी. प्लेगनं इतकी माणसं मेली की मजुरांचा तुटवडा पडला आणि जगलेल्यांची मजुरी वाढली. लोकांच्या हातात पैसा आला, ते जास्त एल विकत घेऊ लागले. अधूनमधून विकणारीपेक्षा रोज विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक वळलं. अधूनमधून करणाऱ्या बायका कमी होत गेल्या, कायमचा धंदा करणारे थोडे आणि मोठे होत गेले.

दुसरी गोष्ट हॉप्स. ही एका वेलीची फुलं, चवीला कडू. समुद्रापलीकडच्या नेदरलँड्सच्या बाजूला लोक ती घालून पेय करत, त्याला बिअर म्हणत. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून ती इंग्लंडात यायला लागली. हॉप्समुळे पेय टिकतं, जसं मीठ-तेलानं लोणचं टिकतं तसं. महिनोन्‌महिने टिकलं की लांब नेता येतं, साठवता येतं, जहाजावर, फौजेला पुरवता येतं. रेजिनल्ड स्कॉट नावाच्या माणसानं १५७४ साली हॉप्सच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं हिशेबच मांडला की जेवढ्या माल्टमधून एल निघते, त्याच्या दुपटीनं बिअर निघते. म्हणजे फायदा उघड होता. पण त्यासाठी मोठे हंडे हवेत, जास्त सरपण हवं, पिंपं हवीत, कामगार हवेत, आणि माल विकला जाईपर्यंत पैसा अडकवून ठेवायची ताकद हवी.

इथं तिसरी गोष्ट येते, भांडवल. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं असं काही नसे. तिची मिळकत नवऱ्याची, तिची कमाई नवऱ्याची. काही शहरांत थोडी सवलत होती, पण सर्वसाधारण नियम हाच. हा नियम मोडायला १८८२ साल उजाडावं लागलं. मग बाईला स्वतःच्या नावावर कर्ज कोण देणार? करार कोण करणार? जिला एल करण्यातलं सगळं कळत होतं, तिला सावकाराच्या दारात किंमत नव्हती.

त्यात धंदेवाल्यांच्या संघटना आल्या. लंडनच्या बिअर-एलवाल्यांच्या संघाची १४१८ च्या सुमाराची नोंदवही बघितली तर सुमारे एक तृतीयांश सभासद बायका दिसतात. १४३८ साली राजानं या संघाला सनद दिली. मान वाढला, अधिकार वाढले. पुढच्या शंभर वर्षांत बायका मोजक्याच उरल्या, आणि त्याही बहुतेक विधवा, म्हणजे नवऱ्याच्या जागी आलेल्या. बाई सभासद झाली तरी संघाची पदं तिला मिळत नव्हती, निर्णय घेणाऱ्या बैठकीत ती नसायची. सभासदत्व होतं, सत्ता नव्हती.

आणि याबरोबरच आली बदनामी. एल विकणारी बाई म्हणजे मापात मारणारी, घाणेरडी, चवचाल, असं बोलायला, लिहायला, कोरायला सुरुवात झाली. लडलो गावच्या चर्चमध्ये एका लाकडी आसनाखाली कोरीव काम आहे. त्यात एक सैतान माप मारणाऱ्या एलवालीला पाठुंगळीला टाकून नरकात नेतोय आणि तिच्या हातात तिचा चंबू आहे. जॉन स्केल्टन हा तर राजदरबारी वावरणारा कवी. त्यानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एलिनॉर रमिंग नावाच्या एलवालीवर लांबलचक कविता लिहून तिची यथेच्छ टिंगल केली. माप मारणारे पुरुष काय कमी होते? पण तसे ते धंद्यातले लबाड ठरले. बाई लबाड निघाली की सगळी बाईजातच तशी, असा न्याय लावला गेला. १५४० साली चेस्टर शहरानं तर हुकूमच काढला की १४ ते ४० वर्षं वयाच्या कुठल्याही बाईनं एलचं दुकान चालवायचं नाही. कारण दिलं नीतीचं. पोट भरायचं वय नेमकं तेच, त्याचा विचार कुणी केला नाही.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगते, कारण मोबाइलवर ती फार फिरते. टोकदार टोपी, झाडू, मांजर आणि उकळता हंडा ही चेटकिणीची जी चित्रं असतात, ती या एलवाल्यांवरूनच आली, असं म्हणतात. ऐकायला रंजक आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकांना त्याला पुरावा सापडलेला नाही. खरी गोष्ट पुरेशी कडू आहे, तिला वरून मसाला नको.

१५५२ पासून एलचं दुकान चालवायला न्यायाधीशाचा परवाना सक्तीचा झाला. अठराव्या शतकात लंडनला पोर्टर नावाची काळसर बिअर निघाली आणि कारखाने अवाढव्य झाले. किती अवाढव्य, त्याचा एक प्रसंग सांगते. १७ ऑक्टोबर १८१४. लंडनच्या सेंट जाइल्स या गरीब वस्तीला लागून एक कारखाना होता. तिथलं २२ फूट उंचीचं लाकडी पिंप फुटलं. त्याच्या दणक्यानं आणखी पिंपं फुटली आणि बिअरचा लोंढा भिंत पाडून वस्तीत शिरला. आठ जण मेले. आठही जण बायका आणि लहान मुलं. त्यांतले काही एका तळघरात मेलेल्या बाळाभोवती बसले होते. चौकशीत ठरलं की हा दैवी कोप आहे, मालकाचा दोष नाही. त्या बिअरवर आधी भरलेला कर मात्र मालकाला माफ झाला. ज्या पेयाला कधीकाळी चुलीवरचं भांडं पुरत होतं, ते आता घरं वाहून नेत होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या कारखान्यांनी पबच विकत घ्यायला सुरुवात केली. पब कारखान्याच्या मालकीचा असेल तर तिथं फक्त त्याच कारखान्याची बिअर विकायची. पब चालवणारा नुसता भाडेकरू. बायका पबमध्ये होत्याच. भांडी घासत होत्या, गल्ल्यामागं उभं राहून पेले भरत होत्या, नवऱ्याच्या बरोबरीनं पब सांभाळत होत्या. मालकीण क्वचितच. आणि घरी? घरी आपल्याकडं होतं तेच होतं. शनिवारी मजुरी मिळायची आणि पबमध्ये संपायची. म्हणून १८७६ साली ब्रिटनमधल्या बायकांनी दारूविरोधी महिला संघ काढला आणि पबविरुद्ध मोहीम चालवली. धंदा हातात होता तेव्हा दंड बायकांनी भरला, धंदा गेल्यावर त्याची झळही बायकांनीच सोसली.

हेच राज्य तेव्हा आपल्यावर होतं, हे विसरू नका. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करायच्या, दारू ठेकेदाराच्या मोठ्या भट्टीत गाळायची, ताडाच्या झाडांवर कर बसवायचा. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा केला आणि फुलं गोळा करून साठवण्यावर बंधन आणलं. आदिवासींसाठी मोह नुसती दारू नव्हती, अन्नही होतं. कारण नीतीचं सांगितलं आणि महसूल तिजोरीत गेला. इंग्लंडात जे व्हायला तीनशे वर्षं लागली, ते इथं एका पिढीत झालं.

आता विसाव्या शतकात येऊ. पबमध्ये गिऱ्हाईक म्हणून बाईला काय जागा होती? १९३७ पासून काही अभ्यासकांनी उत्तर इंग्लंडातल्या बोल्टन या गिरणगावात पबमध्ये बसून नोंदी केल्या. त्यांचं पुस्तक १९४३ साली निघालं. त्यात दिसतं की पबच्या खोल्याही वाटलेल्या होत्या. साधी, स्वस्त खोली फक्त पुरुषांची. बायकांनी बसायचं ते गालिचा घातलेल्या खोलीत, जिथं तीच बिअर थोडी महाग. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, जिथं सगळी वर्तमानपत्रं होती, एल व्हिनो नावाचा वाइन बार होता. तिथं गल्ल्याशी उभं राहून पेय घ्यायला बायकांना मनाई होती. त्यांनी मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं. आता ही बाब पिण्यापुरती नव्हती. पत्रकार आणि वकील त्या गल्ल्याशी उभे राहून बातम्या, कामं, ओळखी देत-घेत होते. ॲना कूट ही पत्रकार आणि टेस गिल ही वकील, या दोघी कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या. वरच्या कोर्टानं १९८२ च्या नोव्हेंबरात निकाल दिला की हा भेदभाव आहे. १९८२ म्हणजे ब्रिटनला बाई पंतप्रधान असतानाची ही गोष्ट आहे!

मधल्या काळात धंदा आणखी आक्रसला होता. १९७० च्या आसपास सहा बड्या कंपन्यांच्या हातात बहुतेक बिअर आणि हजारो पब होते. त्यांनी जी नवी बिअर आणली ती गाळून, तापवून, त्यातलं यीस्ट मारून, गॅसच्या दाबानं नळातून सोडायची. देशभर एकच चव. सांभाळायला सोपी, जाहिरात करायला सोपी. पिंपात जिवंत यीस्ट असलेली जुनी पद्धतीची बिअर मागे पडली. स्वतःच्या आवारात स्वतःची बिअर करणारे जुने पब एकेकाळी हजारो होते, ते देशात चार उरले. त्यातला एक होता डडलीजवळच्या नेदरटनचा ‘ओल्ड स्वान’. तो एक बाई चालवत होती. नाव डोरिस पारडो, पण सगळं गाव तिला मा पारडो म्हणायचं. १९८४ साली ती गेली तोवर तिनं तो पब सोडला नाही. आजही लोक त्या पबला ‘मा पारडोचा’ म्हणतात.

१९७१ साली चार तरुण गिऱ्हाइकांनी मिळून एक संघटना काढली. तिचं नाव कॅमरा. आम्हाला जुन्या पद्धतीची खरी एल हवी, एवढी त्यांची मागणी. त्यांच्याकडं कारखाना नव्हता, पैसा नव्हता. त्यांनी याद्या केल्या. कुठल्या पबमध्ये चांगली बिअर मिळते त्याचं पुस्तक दरवर्षी काढायला लागले. गिऱ्हाईक त्या यादीप्रमाणे जाऊ लागलं. आज तिचे दीड लाखाच्या आसपास सभासद आहेत. गिऱ्हाईक संघटित झालं की बड्या कंपनीलाही ऐकावं लागतं, हे त्यातून दिसलं.

मग लहान कारखाने उगवायला लागले. १९७४ साली बिल अर्कार्ट या गृहस्थांचा मोठा कारखाना बंद झाला. तिथले ते मुख्य कारागीर. त्यांनी लिचबरो गावात स्वतःचा छोटा कारखाना टाकला आणि पुढच्या कित्येकांना शिकवलं. २००२ साली सरकारनं एक महत्त्वाचा बदल केला. वर्षाला पाच लाख लिटरपर्यंत बिअर करणाऱ्याला कर निम्मा. तोवर लहानाला आणि मोठ्याला कर सारखाच होता. सारखा म्हणजे न्यायाचा, असं वाटतं खरं. पण मोठ्याला माल स्वस्त पडतो, लहानाला महाग. म्हणून लहानाला सवलत दिली तेव्हाच स्पर्धा सुरू झाली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत लहान कारखान्यांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. यात सारा बार्टन नावाच्या बाई आहेत. १९९८ साली त्यांनी कारखाना काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘ब्रूस्टर्स’. तोच जुना शब्द. २०१२ साली बिअरवर लिहिणाऱ्यांच्या संघानं त्यांना वर्षातल्या उत्तम ब्रूअरचा मान दिला. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई.

बिअर वाचली, पण पब बंद पडत होते. १९८९ साली सरकारनं बड्या कारखान्यांना सांगितलं, दोन हजारांपेक्षा जास्त पब असतील तर वरचे निम्मे मोकळे करा. हेतू चांगला होता. झालं असं की ते पब नव्या कंपन्यांनी घाऊक विकत घेतले. त्या कंपन्यांना बिअरशी देणंघेणं नव्हतं, भाड्याशी आणि जागेच्या भावाशी होतं. पब चालवण्यापेक्षा पाडून घरं बांधण्यात जास्त फायदा दिसला की पब बंद. आणि खेड्यात पब बंद म्हणजे संध्याकाळी दिवा असलेली शेवटची जागा बंद. दुकान आधीच गेलेलं, पोस्ट गेलेलं. म्हातारी एकटी माणसं जाणार कुठं?

उत्तर इंग्लंडात कंब्रिया भागात हेस्केट न्यूमार्केट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ‘ओल्ड क्राउन’ पबच्या मागं कोठारात १९८८ साली एक लहान बिअर कारखाना सुरू झाला होता. मालक थकले, कारखाना विकायला निघाला. १९९९ साली गावकऱ्यांनी सहकारी संस्था करून तो घेतला. २००३ साली शंभरहून जास्त लोकांनी पैसे घालून पबही घेतला. सहकारी मालकीचा हा ब्रिटनमधला पहिला पब.

शहरातही झालं. लंडनच्या नन्‌हेड भागात ‘आयव्ही हाउस’ नावाचा जुना पब होता. २०१२ साली मालक कंपनीनं तो अचानक बंद केला. तेव्हा नुकताच, २०११ साली, एक कायदा झाला होता. एखादी जागा लोकांच्या उपयोगाची आहे असं नोंदवलं, तर ती विकायला निघाल्यावर लोकांना पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. आयव्ही हाउस ही त्या कायद्याखाली नोंदवलेला देशातला पहिला पब. किंमत ८ लाख १० हजार पौंड. ३७१ जणांनी भाग घेतले, त्यातून सुमारे १ लाख ४२ हजार पौंड जमले, बाकी कर्ज आणि अनुदान. २०१३ साली पब उघडला. नियम असा की कुणी किती भाग घेतले तरी मत एकच. आज ब्रिटनमध्ये असे लोकांच्या मालकीचे दीडशेहून जास्त पब आहेत. कुठं त्यात किराणा दुकान आहे, कुठं पोस्टाची खिडकी, कुठं वाचनालय, कुठं म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण. ते सगळे फायद्यात चालतात असं नाही. वीज-गॅसची बिलं वाढल्यापासून ओढाताण आहे. पण बंद करायचा की चालवायचा हे आता गाव ठरवतं.

मैत्रिणींनो, ब्रूस्टर कामात कमी पडली म्हणून तिचा धंदा गेला नाही. तिला माल्ट कळत होतं, आंबवण कळत होतं, गिऱ्हाईक कळत होतं. तिच्या नावावर हंडा नव्हता, कर्ज नव्हतं, सनद नव्हती आणि संघाच्या बैठकीत खुर्ची नव्हती. लहान धंद्याला हे काही लागत नाही. मोठा व्हायला लागला की हेच लागतं, आणि त्या वळणावर तो हातातून सुटतो. आयव्ही हाउसच्या लोकांकडं बिअरचं ज्ञान फारसं नव्हतं. त्यांच्याकडं नोंदणी होती, भाग होते आणि प्रत्येकाला एक मत होतं. त्यावर त्यांनी पब घेतला.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत, हप्ते गोळा करून झाले की, चार प्रश्न विचारा. आपल्या गटाची गिरणी किंवा शेवयांचं यंत्र कुणाच्या नावावर आहे? अन्न परवान्यावर नाव कुणाचं? मोठी ऑर्डर आली तर बोलणी करायला आपल्यातली कोण जाते, की कुणाचे तरी मालक जातात? आणि पिशवीवर छापलेलं नाव गटाचं आहे, की माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याचं? उत्तरं वहीत लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. धंदा लहान आहे तोवरच हे लिहून घेणं सोपं असतं.